मुल्हेरची महमुदी

विल्यम फिंच नावाचा एक इंग्रज व्यापारी १६१० च्या सुरुवातीला सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला. वाटेत उजव्या अंगाला डोंगरी मुलूख लागतो. तिथल्या राजाची त्याने चौकशी केली आणि कळले ते टिपून ठेवले. राजाचे नाव प्रतापशहा. मुल्हेर आणि साल्हेर ही त्याची बळकट ठिकाणे. गडावर जाणारी वाट इतकी अरुंद की दोन माणसांनी जेमतेम शेजारी शेजारी चालावे, फार तर एखादा हत्ती चढेल. ती वाट राखायला डोंगरात ऐंशी लहान लहान चौक्या. पाणी भरपूर, चारा भरपूर, धान्य भरपूर. या सगळ्यात ओघाओघात त्याने आणखी एक गोष्ट नोंदली आहे: महमुद्या पडतात त्या इथेच.

सटाण्याच्या माणसाने या नोंदीपाशी जरा थांबावे. सटाण्याहून ताहाराबादमार्गे मुल्हेर म्हणजे आपल्याच बागलाण तालुक्यातले गाव. मोसमच्या खोऱ्यातले, पाठीशी मोरा, मुल्हेर, हरगड अशी गडांची रांग असलेले. उद्धव महाराजांची समाधी आणि कोजागरीची रासक्रीडा यांमुळे भाविकांना ते माहीत आहे, गडांमुळे ट्रेकवाल्यांना. पण एके काळी या डोंगरात टांकसाळ होती आणि तिथे पडलेल्या चांदीच्या नाण्यात सुरत बंदराचा व्यवहार चाले, हे बागलाणातही फार थोड्यांना ठाऊक आहे. सुरत म्हणजे त्या काळी हिंदुस्थानचे दार. मक्केचे यात्रेकरू, अरब, इराणी, पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे तिथे उतरत. त्या दारातून आत येणाऱ्या मालाची किंमत सांगितली जाई ती महमुदीत.

महमुदी हे मुळात गुजरातच्या सुलतानांचे चांदीचे नाणे. महमूद नावाच्या सुलतानांवरून त्याला हे नाव पडले. अकबराने १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकला, अहमदाबादला मोगल टांकसाळ सुरू झाली आणि रुपया पडू लागला. सल्तनत गेली म्हणजे तिचे नाणेही जायला हवे होते, पण गेले नाही. सुरतेचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या महमुदीत भाव बोलत आले होते, करार महमुदीत होते, उधारी महमुदीत होती. बादशहा बदलला म्हणून वहीतला आकडा एका रात्रीत बदलत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले जहाज १६०८ मध्ये सुरतेला लागले, म्हणजे गुजरात मोगलांकडे जाऊन पस्तीस वर्षे उलटल्यावर. तरीही कंपनीच्या कारकुनांनी नीळ आणि कापडाचे हिशेब लिहिले ते महमुदीतच. नाण्याला मागणी होती, जुनी सल्तनत ते पाडायला उरली नव्हती, आणि ही मागणी बागलाणच्या बागुल राजांनी, प्रतापशहाच्या घराण्याने, पुरवली.

अशी एकाच बाजारात दोन राज्यांची दोन नाणी समोरासमोर आली: मोगलांचा रुपया आणि मुल्हेरची महमुदी. दोन नाणी आली की त्यांच्यात दर आलाच.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा ढोबळ दर असा: अडीच महमुद्यांना एक रुपया, म्हणजे पाच महमुद्या बरोबर दोन रुपये. पुढे तो सव्वादोनच्या आसपास आला. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाकडे असलेला पाद्री एडवर्ड टेरी सांगतो की महमुदी साधारण बारा पेन्सांची, तर रुपये निरनिराळ्या प्रतींचे, हलक्यातला दोन शिलिंग तीन पेन्सांचा आणि उत्तम दोन शिलिंग नऊ पेन्सांचा. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग. लंडनच्या शिलिंगाच्या तोलाचे नाणे सह्याद्रीच्या एका कड्याखाली पडत होते! हलक्या रुपयाचे सत्तावीस पेन्स भागिले महमुदीचे बारा केले तर उत्तर येते सव्वादोन. इंग्लंडातून आलेल्या एका पाद्र्याच्या टिपणातून सुरतेच्या पेढीवरचा दर असा आपोआप बाहेर पडतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

अडीच आणि सव्वादोन यांत फरक केवढा? पाव महमुदीचा. पण हिशेब करून पाहा. समजा, एका व्यापाऱ्याने नऊशे महमुद्यांचा माल विकला आणि त्याला आग्र्याला जायचे आहे, म्हणून रुपये हवेत. दर अडीचचा असेल तर हाती तीनशे साठ रुपये येतील. दर सव्वादोनचा असेल तर चारशे. माल तोच, गिऱ्हाईक तेच, भाव तोच, नाण्यांची संख्याही तीच, आणि तरी चाळीस रुपयांचा फरक. द्राक्षाचा कंटेनर परदेशी पाठवणाऱ्या आजच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हा दर ठरवत कोण होते? कुठल्याही दरबाराने नव्हे. तो सराफाच्या पेढीवर ठरे. नाणे आले की सराफ ते तराजूत घाली, दगडावर आपटून आवाज ऐकी, कसोटीवर घासून कस पाही. झीज किती, चांदी किती, कुठल्या टांकसाळीचे, कुठल्या साली पडलेले, हे सगळे पाहून तो बट्टा कापी. मोगल रुपयाच्या बाबतीत तर याची पद्धतच बसून गेली होती. चालू साली पडलेला तो सिक्का रुपया, त्याला पूर्ण मोल. आधीच्या वर्षांतला तो चलनी, त्याला थोडा बट्टा. मागल्या बादशहांच्या काळातला तो खजाना, त्यालाही वेगळा बट्टा. म्हणजे एकाच बादशाहीच्या दोन रुपयांमध्येही दर होता! आपण आज नोटेवरचे साल पाहतही नाही. तेव्हाचा माणूस नाण्यावरचे साल पाहिल्याशिवाय ते हातात घेत नसे.

दराचा पाया चांदीचाच. पण पायावर हंगाम चढे. पावसाळा संपला की जहाजे सुरतेला लागत. त्यांतून येई ती मुख्यतः स्पेनच्या राजाची नाणी, आठ रियालांचे जाडजूड तुकडे. त्यातली चांदी दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरातली, नाहीतर मेक्सिकोची. पोतोसीची खाण १५४५ मध्ये सापडली आणि त्या चांदीने पुढची शंभर वर्षे जगाचे बाजार हलवले. आठ रियालांच्या एका नाण्याला सुरतेत जवळपास पाच महमुद्या मिळत. हिंदुस्थानात चांदीच्या म्हणाव्या अशा खाणी नव्हत्या, बागलाणात तर नव्हत्याच. तेव्हा मुल्हेरला वितळली ती चांदी बाहेरूनच आलेली असणार. आता तिचा प्रवास डोळ्यांपुढे आणा: अँडीज पर्वतातून गाढवा-लामांच्या पाठीवर उतरायची, अटलांटिक ओलांडून स्पेनला, तिथून कंपनीच्या हातून आफ्रिकेला वळसा घालून सुरतेला, आणि सुरतेहून पुन्हा एक पर्वत चढून मुल्हेरला. तिथे महमुदी होऊन ती परत उतरे आणि सुरतेत नीळ विकत घेई.

जहाजे आली की रियाल उदंड, पण तयार नाणे थोडे, कारण टांकसाळीचा हात एका बेताने चालतो. माल मात्र आजच उचलायचा असतो. अशा वेळी ज्याच्याकडे तयार नाणे त्याचे वजन वाढे. हंगाम सरला की उलट. महमुदी आणि रुपया यांच्यातला दर हलण्यामागे असली साधी कारणे होती, आणि ती ज्याला आधी कळत तो सराफ श्रीमंत होई.

नाण्यावर नाव कुणाचे होते, हे तर आणखी नवलाचे. मुल्हेरच्या म्हणून नाणेतज्ज्ञ ज्या महमुद्या ओळखतात, त्यांवर बागुल राजाचे नाव नाही. अकबराचे आहे. अकबर १६०५ मध्ये वारला. त्यानंतरही त्याच्या नावाने महमुद्या पडत राहिल्या. गादीवर जहांगीर, नाण्यावर अकबर, टांकसाळ प्रतापशहाची, आणि नाण्याचे नाव त्याआधीच्या गुजरातच्या सुलतानाचे. एवढ्याशा चांदीच्या चकतीत चार सत्ता नांदत होत्या. राजाने स्वतःचे नाव का घातले नाही? माझ्या मते त्यात मोठे शहाणपण होते. सुरतेच्या बाजाराने ज्या तोंडवळ्याच्या नाण्यावर विश्वास टाकला होता तोच तोंडवळा ठेवायचा, बादशहाचा मानही राखायचा, आणि टांकसाळीचा नफा आपल्या डोंगरात ठेवायचा.

हे जमले कसे, याचे उत्तर खुद्द जहांगीराने आपल्या आठवणींत दिले आहे. बागलाण गुजरात, खानदेश आणि दख्खन यांच्या मधोमध. तिथले राजे तिन्हीकडच्या सत्ताधीशांशी सबुरीने वागत. भेटीला मात्र कुणाकडे जात नसत. एकाने मुलखावर हात घालायचे मनात आणले तर दुसऱ्याच्या आधाराने तरून जात. तिन्ही मुलूख अकबराकडे आल्यावर मग राजा बुऱ्हाणपूरला जाऊन भेटला आणि मनसबदार झाला. तरी राज्य त्याचेच राहिले. फिंच तर सांगतो की अकबराने सात वर्षे वेढा घालूनही शेवटी तडजोडच केली आणि मैदानातली काही गावे राजाला दिली, ती एवढ्यासाठी की त्याने व्यापाऱ्यांचे तांडे सुखरूप पार करावेत. सुरत-बुऱ्हाणपूर वाट ही बादशाहीची रक्तवाहिनी होती आणि तिच्या कडेला मुल्हेर बसले होते. ज्याच्या हाती वाट, त्याचे नाणे कोण नाकारणार?



महमुदी ही मोठ्या व्यवहाराची गोष्ट. भाजीवालीशी महमुदीत कोण बोलणार? तिथे तांब्याचे पैसे चालत, आणि रुपयाला किती पैसे हा दरही जागोजागी वेगळा. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये लिहितो की सुरतेत रुपयाला एकोणपन्नास-पन्नास पैसे मिळत, कधी सेहेचाळीस. आग्र्याला पंचावन्न-छप्पन्न, कारण आग्रा तांब्याच्या खाणींना जवळ. पैशाच्याही खाली काय? आग्र्याकडे कवड्या. आणि गुजरातेत बदाम! इराणातल्या लार प्रांतातले कडू बदाम, इतके कडू की पोरेही तोंडात टाकणार नाहीत, म्हणूनच नाणे म्हणून टिकले. पैशाला पस्तीस ते चाळीस बदाम. मग बदाम, पैसा, महमुदी, रुपया, रियाल अशी ही साखळी, आणि तिच्या प्रत्येक कडीत एक हलता दर. सुरतेतल्या साध्या दुकानदाराला हे सगळे तोंडपाठ असे. शाळेत आपण त्या काळाला मागासलेला म्हणायला शिकलो. पण रोज पाच चलनांचा हिशेब मनातल्या मनात करणारा माणूस मागासलेला कसा?

१६३८ मध्ये हे संपले. दख्खनच्या सुभेदारीवर असलेल्या तरुण औरंगजेबाने बागलाणवर फौज पाठवली, मुल्हेरला वेढा पडला आणि गड खाली झाला. राजाला मनसब आणि नंदुरबारकडचा सुलतानपूर परगणा मिळाला, बागलाण बादशाहीत गेले. राजांची टांकसाळ गेली तशी महमुदी हळूहळू हटली आणि सुरतेत रुपयाचा पाय पक्का झाला. हळूहळू म्हणायचे कारण असे की कंपनीच्या वह्यांत महमुदी त्यानंतरही काही वर्षे दिसत राहते. नाणे पडायचे थांबले तरी हिशेबाची सवय मागे राहते. आपल्या घरातली म्हातारी माणसे दशमान पद्धत येऊन किती वर्षे झाली तरी पाऊण रुपयाला बारा आणेच म्हणत होती की.

नाण्याचे मोल हुकमाने ठरत नाही, हे बागलाणनंतर छत्तीस वर्षांनी रायगडावर फार स्पष्ट बोलले गेले. १६७४ च्या राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी अशी होती की मुंबईत पडणारे कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. शिवाजी महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: आम्ही कुणाचेच नाणे चालायला मनाई करत नाही, आणि ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घ्या अशी जबरदस्तीही आम्ही करणार नाही, तुमचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या किंवा इतरांच्या तोडीचे असेल तर ते आपोआप चालेल. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकात जे सिद्ध करायला प्रकरणे लागतात ते इथे दोन वाक्यांत आहे. शिवाय त्यात रयतेचा विचार आधी आहे. मला हे उत्तर त्या काळच्या कुठल्याही राजाच्या नाण्यापेक्षा खणखणीत वाटते.

नाण्यांचा पुढचा इतिहास बागलाणच्या आसपासच घडत राहिला. शेजारच्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. तिथला चांदवडी रुपया नाशिकच्या बाजारात चाले. पेशवाईत गावोगावचे रुपये आणि प्रत्येकाचा निराळा बट्टा. कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या मुलखाला एकच रुपया लावला, एकशे ऐंशी ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा, आणि सराफाचे ते जुने गणित मोडीत निघाले. देशातले दर संपले, देशाबाहेरचा उरला.

तो बाहेरचा दर मात्र विलक्षण फिरला. टेरीच्या वेळी सत्तावीस ते तेहेतीस पेन्सांचा असलेला रुपया एकोणिसाव्या शतकात साधारण दोन शिलिंगांवर होता. मग १८७० नंतर युरोप सोन्याकडे वळला, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या, जगात चांदी स्वस्त झाली आणि चांदीचा रुपया तिच्याबरोबर खाली आला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेणेच बंद केले तेव्हा तो पंधरा पेन्सांच्याही खाली होता. पुढे सोळावर बांधला, १९२७ मध्ये अठरावर. याच अठरा पेन्सांतून स्वातंत्र्याच्या वेळचा डॉलरचा भाव निघतो: पौंडाला साडेतेरा रुपयांच्या जरा खाली, पौंडाला चार डॉलरच्या जरा वर, म्हणजे डॉलरला तीन रुपये तीस पैशांच्या आसपास. १९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, हे मोबाइलवर फिरणारे वाक्य म्हणूनच खोटे आहे. १९४९ च्या अवमूल्यनात डॉलर पावणेपाच रुपयांवर गेला, ६ जून १९६६ ला साडेसातवर, आणि १९९१ च्या जुलैत दोन टप्प्यांत रुपया पुन्हा उतरवला गेला.

आज सटाण्याच्या कांद्याला हा दर थेट लागतो. मे २०२४ मध्ये निर्यातबंदी उठली तेव्हा सरकारने किमान निर्यात किंमत ठरवली ती टनाला साडेपाचशे डॉलर. रुपयात नव्हे. बागलाणच्या शेतात पिकलेल्या कांद्याची सरकारी किंमत डॉलरमध्ये! बरोबर चाळीस टक्के निर्यात शुल्क. सप्टेंबरमध्ये ती किंमत काढली, शुल्क वीसवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. डिसेंबरातच तयार होणारी बागलाणची अर्ली द्राक्षे परदेशी जातात तेव्हाही बिल परक्या चलनातच. चारशे वर्षांपूर्वी परदेशी व्यापारी आमच्या डोंगरातल्या नाण्यात हिशेब लिहीत होते. आता आमचा हिशेब त्यांच्या नाण्यात लिहिला जातो. यात रडण्यासारखे काही नाही, पण ही वस्तुस्थिती तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत सांगण्यासारखी नक्की आहे.

शेवटी बागलाणकरांना एक विनंती. नांगरताना, विहीर खणताना, जुने घर पाडताना चांदीचे जुने नाणे हाती लागले तर ते मोडीत देऊन वितळवू नका. चांदीचे पैसे थोडेच येतात, आणि त्यावरचे नाव आणि साल कायमचे जाते. जमिनीतून मिळालेला दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. आणि नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा तिकडे जा, आणि महमुदी कुठली म्हणून त्यांनी विचारले तर मुल्हेरचे नाव सांगा.